पायथनची शोध-स्क्रिप्ट ‘खडीचे’ शोधते, पण ‘खडी’ शोधत नाही

बांधावरून (प्रश्न)

नमस्कार. माझ्या आजोबांनी १९६१ ते १९८८ अशी अठ्ठावीस वर्षे रोज संध्याकाळी शेतीची रोजनिशी लिहिली. त्या वह्या आम्ही घरच्या घरी टंकून घेतल्या असून महिन्याला एक साधी टेक्स्ट फाइल याप्रमाणे एकूण ३३६ फाइली झाल्या आहेत. टंकनाचे काम तिघांनी वाटून घेतले. निम्म्याहून थोड्या अधिक फाइली मी लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर केल्या, काही आत्याने मोबाइलवर केल्या आणि उरलेल्या तालुक्याच्या गावातील एका डीटीपीवाल्याने विंडोजच्या नोटपॅडमध्ये करून दिल्या. कोणी कोणती वही घ्यायची याला काही धरबंध नव्हता, त्यामुळे १९७२ आणि १९७३ या दुष्काळी वर्षांच्या वह्याही तिघांत विभागल्या गेल्या आहेत. मला नेमक्या त्याच नोंदी एकत्र करायच्या आहेत: रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेली माणसे, सुकडीचे वाटप, विहिरीची पातळी, मोट सोडून ऑइल इंजिन घेण्याचा विचार, असे सर्व काही.

त्यासाठी मी पायथनमध्ये पंचवीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली आहे. एका फाइलमध्ये शोधायच्या शब्दांची यादी आहे. स्क्रिप्ट ती वाचते, मग प्रत्येक महिन्याची फाइल उघडून एकेक ओळ तपासते आणि शब्द आढळल्यास फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक व पूर्ण ओळ छापते. अख्खाच शब्द जुळावा म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंना रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुराचा नमुना लिहून शोधण्याच्या पद्धतीतील) शब्दसीमेची खूण, म्हणजे उलटी तिरपी रेघ आणि बी, लावली आहे. खाली तिला मी ‘बी-सीमा’ म्हणतो.

सुरुवातीला यादीतील फक्त शेवटचा शब्द सापडत असे. त्याचे कारण माझे मलाच सापडले. यादी वाचताना प्रत्येक शब्दाला चिकटून नव्या ओळीचे चिन्ह येत होते आणि केवळ शेवटच्या शब्दानंतर ते नव्हते. ते आता कापून टाकतो. मात्र पुढील तीन गोष्टी चार दिवस डोके खाजवूनही उलगडलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट अशी की ‘खडी’ हा शब्द शोधला असता ‘खडी फोडली’ असे स्पष्ट लिहिलेली ओळ सापडत नाही, परंतु ‘खडीचे ढीग’ किंवा ‘खडीवर गेले’ या ओळी सापडतात. ‘सुकडी’ आणि ‘पेरणी’ यांचेही तसेच होते. ‘पाऊस’ आणि ‘बैल’ मात्र सुरळीत सापडतात. त्याच वेळी ‘मोट’ शोधले की ‘मोटार’ असलेल्या ओळी येतात, ज्या टाळण्यासाठीच मी बी-सीमा लावली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे डीटीपीवाल्याच्या फाइलींत एकही शब्द सापडत नाही, अगदी ‘पाणी’सुद्धा नाही, आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. शिवाय ओळींची संख्याही जुळत नाही. जुलै १९७३च्या फाइलमध्ये नोटपॅड ९३ ओळी दाखवते, माझी स्क्रिप्ट २११ मोजते. एक सांगायला हवे: अगदी आरंभी या फाइलींवर ‘शून्याव्या स्थानावरील एफएफ हा बाइट यूटीएफ-८मध्ये वाचता येत नाही’ अशी चूक येऊन स्क्रिप्ट थांबत असे. तेव्हा कुठेतरी वाचून मी फाइल उघडताना ‘एरर्स’ या पर्यायाला ‘इग्नोर’ ही किंमत दिली आणि ती चूक गेली.

तिसरी गोष्ट: ‘दुसऱ्या’ हा शब्द माझ्या फाइलींत सापडतो, आत्याच्या फाइलींत सापडत नाही. दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडून पाहिल्या, पडद्यावर तसूभरही फरक दिसत नाही.

हे तिन्ही एकाच दोषाचे परिणाम आहेत की वेगवेगळे, एवढे कळले तरी पुढची दिशा मिळेल.


ओळीमागून ओळ (उत्तर)

तिन्ही दोष वेगवेगळे आहेत. मी दुसऱ्याविषयी खात्रीने सांगू शकतो, म्हणून तेवढ्यावरच लिहितो.

आपण चूक दुरुस्त केली नाही, तिचे तोंड बंद केले. तो एफएफ बाइट आपल्याला नेमके काय झाले आहे ते सांगत होता. जुन्या नोटपॅडमध्ये जतन करताना ‘युनिकोड’ नावाचा जो पर्याय असे, तो यूटीएफ-८ नव्हे, यूटीएफ-१६ असे. अक्षरे बाइटांत साठवण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती, म्हणजेच एन्कोडिंग. त्यात प्रत्येक अक्षर दोन बाइटांत साठवले जाते, धाकटा बाइट आधी येतो आणि फाइलच्या अगदी आरंभी एफएफ व एफई हे दोन बाइट ओळखखूण म्हणून घातलेले असतात. यूटीएफ-८मध्ये हे दोन्ही बाइट कधीच येऊ शकत नाहीत, म्हणून पायथन पहिल्याच पावलाला अडखळला होता.

आता आपल्या लिपीपुरती एक गंमत पाहा. युनिकोडमध्ये देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ (षोडशमान पद्धतीने) असा १२८ स्थानांचा आहे. म्हणजे यूटीएफ-१६मध्ये साठवलेल्या प्रत्येक मराठी अक्षराचा थोरला बाइट ०९ असतो आणि धाकटा ८०च्या खाली असतो. हे दोन्ही बाइट ॲस्कीच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरे-चिन्हांच्या मूळ संकेतसंचाच्या, मर्यादेत बसतात, त्यामुळे यूटीएफ-८ वाचणाऱ्याला त्यांत खटकण्यासारखे काहीच आढळत नाही. त्या संपूर्ण फाइलमध्ये तक्रार करण्याजोगे दोनच बाइट होते आणि ‘इग्नोर’ने नेमके तेच गिळले. त्यानंतर ‘पाणी’ हा शब्द पायथनला कसा दिसतो? प चा संकेतांक ०९२ए, कान्याचा ०९३ई, ण चा ०९२३ आणि दुसऱ्या वेलांटीचा ०९४०. धाकटे बाइट ॲस्कीप्रमाणे वाचले की अनुक्रमे * > # @ ही चिन्हे मिळतात आणि प्रत्येकानंतर येणारा ०९ म्हणजे टॅब. आपण फाइलमध्ये पाणी शोधत होता आणि तेथे चांदणी, कंस, जाळी व ॲट यांची रांग उभी होती.

ओळींच्या संख्येचे कोडेही यातच आहे. विंडोजमध्ये ओळीचा शेवट दोन चिन्हांनी होतो. यूटीएफ-१६मध्ये त्या दोहोंच्या मध्ये एक शून्य बाइट येऊन बसतो, त्यामुळे पायथनला तो एक ओळशेवट न वाटता दोन स्वतंत्र ओळशेवट वाटतात. ९३ ओळींचे असे १८६ होतात. अखेरीस उरलेला एकटा शून्य बाइट ही आणखी एक ओळ, म्हणजे १८७. आपली संख्या २११ आहे, म्हणजे २४ ओळी अजून हिशेबाबाहेर राहिल्या. माझा अंदाज असा की या फाइलमध्ये ‘ऊ’ हे अक्षर २४ वेळा आलेले असावे, कारण ऊ चा संकेतांक ०९०ए आहे आणि ०ए हा बाइट म्हणजे नवी ओळ. जुलै महिना असल्यामुळे ‘पाऊस’ बराच असणार, त्यात ‘ऊस’, ‘घेऊन’, ‘जाऊन’ यांची भर. हे मोजून पाहून कृपया येथे कळवा, कारण अंदाज चुकला तर आणखी काहीतरी बिघडलेले आहे.

उपाय सोपा आहे. सर्वप्रथम ‘इग्नोर’ काढून टाका. त्यानंतर लिनक्सवर ‘फाइल’ ही आज्ञा सर्व ३३६ फाइलींवर चालवा. ती प्रत्येकीपुढे एन्कोडिंगचा अंदाज लिहून देते. ज्यांच्यापुढे यूटीएफ-१६ येईल त्या ‘आयकॉन्व्ह’ने एकदाच यूटीएफ-८मध्ये बदलून घ्या आणि मूळ प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. स्क्रिप्टमध्येच प्रत्येक फाइलचे पहिले दोन बाइट पाहून एन्कोडिंग ठरवणेही शक्य आहे, परंतु ३३६ फाइलींसाठी तो व्याप करण्यात मला अर्थ दिसत नाही. बदललेल्या फाइली वाचताना एन्कोडिंगच्या जागी ‘यूटीएफ-८-सिग’ लिहावे, म्हणजे कोणत्या फाइलच्या आरंभी ओळखखूण राहिली असेल तर ती पहिल्या ओळीला चिकटून येणार नाही.

जाता जाता एक सूचना. आपल्या वर्णनावरून शब्दयादीची फाइल उघडताना आपण एन्कोडिंग दिलेले दिसत नाही. लिनक्सवर ते खपून जाते. हीच स्क्रिप्ट घरातील कोणी विंडोजवर चालवली तर पायथन ती यादी बहुधा १२५२ या पाश्चात्त्य संकेतपत्रकानुसार वाचेल. त्या पत्रकात ८१ आणि ८डी या बाइटांच्या जागा रिकाम्या आहेत आणि यूटीएफ-८मध्ये पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट ८१, तर पाय मोडण्याच्या चिन्हाचा ८डी आहे. म्हणून ‘दुष्काळ’ यादीत असेल तर चूक दिसेल, पण यादीत नुसते ‘खडी’ असेल तर काहीही न कुरकुरता भलतेच वाचले जाईल. पायथन ३.१५पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग असेल असे ठरले आहे, तरीही ते स्पष्ट लिहिण्याची सवय बरी.

‘दुसऱ्या’च्या बाबतीत, दोन्ही मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात (समतुल्य मानलेल्या लेखनप्रकारांसाठी ठरवलेल्या एकाच प्रमाण रूपात) आणून मग तुलना केली की काम होईल असे वाटते. बी-सीमेविषयी जाणकारांनी सांगावे.


नुक्ता (उत्तर)

बी-सीमेविषयी सांगतो. यात आपली काहीही चूक नाही. पायथनच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलला आपली बाराखडी कळत नाही, एवढेच.

शब्दसीमा म्हणजे जेथे एका बाजूला ‘शब्दातील चिन्ह’ आणि दुसऱ्या बाजूला ‘शब्दाबाहेरचे चिन्ह’ आहे अशी जागा. प्रश्न इतकाच की शब्दातील चिन्ह कोणते मानायचे. हे मॉड्यूल अक्षरे, अंक आणि खालची रेघ एवढ्यांनाच शब्दात धरते. युनिकोडच्या वर्गीकरणात क, ख, ग ही अक्षरे आहेत, परंतु काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण ही सर्व ‘जोडचिन्हे’ या वेगळ्या वर्गात आहेत, आणि म्हणून या मॉड्यूलच्या मते ती शब्दाबाहेरची ठरतात, जणू स्वल्पविरामच.

आता ‘खडी फोडली’ हे शब्द त्याच्या डोळ्यांनी वाचा. ‘खडी’च्या शेवटी वेलांटी आहे, ती शब्दाबाहेरची. तिच्यापुढे मोकळी जागा आहे, तीही शब्दाबाहेरची. दोन्ही बाजू सारख्याच, म्हणजे सीमा नाही आणि ओळ जुळत नाही. ‘खडीचे’मध्ये वेलांटीनंतर च येतो, जो शब्दातला आहे. तेथे सीमा सापडते आणि ओळ जुळते. ‘मोटार’मध्ये ट नंतर काना आहे, म्हणून मॉड्यूलच्या लेखी ‘मोट’ तेथेच संपली. ‘पाऊस’ आणि ‘बैल’ यांच्या शेवटी जोडचिन्ह नसल्यामुळे ते सुखरूप राहिले, पण ‘बैल’च्या निकालांत ‘बैलाला’ आणि ‘बैलांना’ हेही आलेले असतील, ते आपल्या लक्षात आले नसावे.

खात्री करून घ्यायची असेल तर रोजनिशीत वार लिहिलेले असतीलच. दोन्ही बाजूंना बी-सीमा लावून ‘वार’ शोधा. गुरुवार, शनिवार आणि रविवार सापडतील. सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार सापडणार नाहीत. ज्या वारांमध्ये ‘वार’च्या आधी उकार किंवा वेलांटी आहे तेवढेच फुटतात. मला हा दोष प्रथम अशाच एका यादीत भेटला होता आणि आठवड्यातले तीनच दिवस का येतात हे शोधण्यात माझा एक शनिवार गेला.

उपाय दोन आहेत. एक, ‘रेजेक्स’ नावाचे स्वतंत्र मॉड्यूल बसवून ‘आरई’च्या जागी ते वापरणे. त्यात जोडचिन्हे शब्दातच धरली जातात आणि बाकीची स्क्रिप्ट बदलावी लागत नाही. दुसरा उपाय म्हणजे बी-सीमा सोडून देऊन स्वतःची सीमा लिहिणे: शब्दाच्या आधी देवनागरी चिन्ह नसावे आणि नंतरही नसावे, अशा नकारात्मक अटी. त्या अटींच्या चौकटी कंसात ०९०० ते ०९६३ आणि ०९७१ ते ०९७एफ एवढा पट्टा घ्यावा. मधला भाग सोडण्याचे कारण असे की ०९६४ व ०९६५ हे दंड आहेत, पुढे अंक आहेत आणि ०९७० ही संक्षेपाची खूण आहे. ‘खडी’ला लागून ही चिन्हे आली तरी तो शब्द ‘खडी’च राहतो. त्याच कंसात २००सी आणि २००डी ही दोन न दिसणारी चिन्हेही घाला. पहिले अक्षरे जुळू न देणारे तोडक, दुसरे जोडक; जोडकाविषयी खाली येईलच. मी स्वतः दुसरा उपाय पसंत करतो, कारण सीमा कशाला म्हणायचे ते डोळ्यांसमोर लिहिलेले राहते.

मात्र हे सर्व करण्यापूर्वी एक विचार करावा. सीमा बरोबर लागली की ‘खडी फोडली’ सापडेल आणि ‘खडीचे ढीग’ सापडेनासे होईल! आपल्याला तर दोन्ही हवे आहेत. इंग्रजीसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टांतून ‘अख्खा शब्द’ ही कल्पना आपण उचलतो, पण मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटूनच येतात. म्हणून माझ्या मते सीमा फक्त डाव्या बाजूला लावावी आणि उजवी बाजू मोकळी ठेवावी. ‘मोट’सारखा एखादा अडचणीचा शब्द असेल तर ‘मोट’ला दोन्ही बाजूंना सीमा लावून त्याच्या जोडीला ‘मोटे’ असे रूप उजवीकडे मोकळे ठेवून द्यावे, म्हणजे ‘मोटेचे’, ‘मोटेला’ येईल आणि ‘मोटार’ बाहेर राहील.

याहून मोठी अडचण सामान्यरूपाची आहे. आपल्या यादीत ‘विहीर’ असेल तर ‘विहिरीला पाणी नाही’ ही ओळ कोणत्याही सीमेने सापडणार नाही, कारण तेथे ही ची दुसरी वेलांटी जाऊन पहिली आलेली आहे. ‘पाऊस’चे ‘पावसाने’ होते, ‘माणूस’चे ‘माणसांना’, ‘नदी’चे अनेकवचन ‘नद्या’. रोजनिशीतील निम्म्या नोंदी अशाच रूपांत असतील. ‘विहीर’साठी ‘विह’, मग चौकटी कंसात दोन्ही वेलांट्या, मग ‘र’ असे लिहिता येते. एडिटरमध्ये त्या सुट्या वेलांट्या ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेल्या दिसतील, त्याने दचकू नये. ‘पाऊस’साठी ‘पाऊस किंवा पावस’ असा पर्याय द्यावा. शब्दयादी दहा-पंधरा शब्दांची असेल तर हे हातानेच करणे उत्तम.

आता ‘दुसऱ्या’. येथे वरील उत्तराशी मी सहमत नाही. एनएफसी करूनही हा प्रश्न सुटणार नाही.

यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार म्हणजे ०९३१ या संकेतांकाचा ऱ, त्याचा पाय मोडून पुढे य. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यानंतर २००डी हे न दिसणारे जोडक, मग य. दुसरा प्रकार युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळातला असून जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून प्रमाणात अजूनही मान्य आहे. पडद्यावर दोन्हींचा आकार एकच. मात्र युनिकोड या दोन क्रमांना समतुल्य मानत नाही, त्यामुळे एनएफसी त्यांना एकमेकांत बदलत नाही. एनएफसीने एवढेच होते की कोणी र आणि त्याखाली सुटा नुक्ता असा ऱ लिहिला असेल तर त्याचा ०९३१ होतो. तेही करावेच, पण ते पुरेसे नाही. आत्याच्या मोबाइलच्या कीबोर्डने दुसरा प्रकार घातलेला असावा. त्या फाइलमधील एका ‘दुसऱ्या’चे संकेतांक एकेक करून छापून पाहा, लगेच दिसेल.

दुरुस्ती करताना क्रम सांभाळा. अनेक जण न दिसणारी चिन्हे सरसकट काढून टाकतात. तसे केले तर र, मोडलेला पाय आणि य एवढेच उरते आणि त्याचा रफार होतो. मग ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच, ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ एकच. डोंगरातून समुद्रात आणि स्वयंपाकघरातून पाठशाळेत! म्हणून आधी ‘र, पाय, २००डी’ या तिघांच्या जागी ‘ऱ, पाय’ असे घाला आणि त्यानंतर उरलेली २००सी व २००डी काढा.

‘ऑइल इंजिन’लाही हीच बाधा होऊ शकते. ऑ हे ०९११ असे एक अक्षर आहे, परंतु अ वर किंवा आ वर सुटे चिन्ह देऊन तसाच दिसणारा आकार करता येतो. ॲ चे तर विचारूच नका: ०९७२ हे स्थान त्याला २००८मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाले, त्यामुळे त्याआधीच्या सवयी अजून टिकून आहेत. याही जोड्यांना एनएफसी हात लावत नाही, त्या स्वतः बदलाव्या लागतात.

हे सर्व बदल फाइलींत करू नका. प्रत्येक ओळीचे एक ‘शोधरूप’ स्क्रिप्टमध्ये तात्पुरते तयार करा, शब्दयादीलाही त्याच फंक्शनमधून काढा, तुलना शोधरूपांची करा आणि छापताना मूळ ओळ छापा.


काळी खिडकी (उत्तर)

आपण स्क्रिप्ट शिकण्यासाठी लिहीत असाल तर वरील उत्तरे उत्तम आहेत. केवळ ओळी मिळवायच्या असतील तर ‘रिपग्रेप’ हे फाइलींत मजकूर शोधणारे तयार साधन पाहावे. ते फाइलच्या आरंभीची ओळखखूण पाहून यूटीएफ-१६ आपोआप वाचते आणि त्याच्या शब्दसीमेत काना-मात्रा शब्दातच धरल्या जातात. म्हणजे आपल्या तीनपैकी दोन अडचणी स्क्रिप्टला हात न लावता संपतात. ‘दुसऱ्या’ची अडचण त्यानेही सुटणार नाही, दोन्ही रूपे पर्याय म्हणून द्यावी लागतील.

साधा ग्रेप, म्हणजे लिनक्सवरील नेहमीची शोध-आज्ञा, यूटीएफ-१६ फाइलींत मराठी शब्द शोधू शकत नाही. शून्य बाइट दिसले की तो फाइल मजकुराची नसून बायनरी आहे असे समजतो, आणि जबरदस्तीने मजकूर म्हणून वाचायला लावले तरी बाइटच जुळत नसल्याने हाती काही लागत नाही. तेव्हा ग्रेप वापरणार असाल तर आयकॉन्व्ह आधी.


बांधावरून (प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी दिवसभर बसून एकेक गोष्ट केली, ती क्रमाने नोंदवतो.

जुलै १९७३च्या फाइलमधील ऊ मोजले. बरोबर २४ निघाले. त्यांतले ‘पाऊस’मधले अकरा, बाकीचे ‘घेऊन’, ‘जाऊन’, ‘ठेऊन’ आणि दोन वेळा ‘ऊस’. ‘फाइल’ आज्ञेने ८८ फाइली यूटीएफ-१६ असल्याचे सांगितले. त्या बदलून घेतल्या आणि ‘इग्नोर’ काढून टाकले. त्यानंतर तीन फाइलींवर स्क्रिप्ट पुन्हा थांबली. उघडून पाहिल्या तर त्यांत युनिकोड नव्हतेच, डीटीपीवाल्याने त्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या होत्या आणि फॉन्ट नसल्यामुळे नुसती रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसत होती. ‘इग्नोर’ ठेवले असते तर या तीन महिन्यांचा मला कधीच पत्ता लागला नसता.

वारांची चाचणीही केली. गुरुवार, शनिवार, रविवार आले; बाकीचे चार आले नाहीत. हसू आले आणि चार दिवसांचा रागही गेला.

आत्याच्या फाइलीत ‘दुसऱ्या’चे संकेतांक छापले तेव्हा र, ०९४डी, २००डी आणि य असेच निघाले. आपण सांगितलेल्या क्रमाने शोधरूप करणारे फंक्शन लिहिले. डावी सीमा ठेवली, उजवी काढली. आता ‘खडी फोडली’ आणि ‘खडीचे ढीग’ दोन्ही येतात.

एक नवा प्रश्न मात्र उपटला आहे. आजोबांचे शिक्षण जुन्या शुद्धलेखनाच्या काळातले, त्यामुळे ते ‘शेतांत’, ‘कांहीं’, ‘झालें’, ‘विहिरींत’ असे अनुस्वार देऊन लिहीत. मी ते जसेच्या तसे टंकले, आत्याने सवयीने गाळले आणि डीटीपीवाल्याने कधी ठेवले, कधी गाळले. ‘विहिरीत’ शोधताना ‘विहिरींत’ सुटते. शोधरूपात सर्व अनुस्वार काढून टाकले तर चालेल का?


नुक्ता (उत्तर)

सर्व काढू नका. उच्चारात असलेले अनुस्वार गेले तर ‘खंड’ आणि ‘खड’, ‘अंगण’ आणि ‘अगण’ यांत भेद राहणार नाही, आणि आपल्या ‘खडी’च्या शोधात ‘खंडी’ येऊ लागेल. शेतीच्या रोजनिशीत धान्याची खंडी पावलोपावली असणार.

१९६२च्या नियमांनी जे अनुच्चारित अनुस्वार गेले त्यांतले पुष्कळसे शब्दाच्या शेवटी, किंवा त, तून अशा प्रत्ययांच्या अलीकडे असत. म्हणून शोधरूपात दोनच ठिकाणचे काढावेत: शब्दाच्या अगदी शेवटचा, आणि शब्दाच्या शेवटी असलेल्या ‘त’ किंवा ‘तून’च्या लगेच आधीचा. ‘झालें’, ‘शेतांत’ आणि ‘विहिरींत’ यांनी साधतील. ‘कांहीं’मधला पहिला अनुस्वार यात बसत नाही. ‘कांहीं’, ‘कांदा’, ‘पांच’ अशा शब्दांतले कोणते काढायचे आणि कोणते ठेवायचे ते नियमाने ठरवता येणार नाही, त्यांची छोटी हातयादी करावी. या नियमाने ‘वसंत’, ‘शांत’, ‘संत’ यांचे अनुस्वारही जातील, पण शब्दयादीही त्याच फंक्शनमधून जात असल्यामुळे ते शब्द सापडायचे थांबणार नाहीत. फार तर ‘सत’ आणि ‘संत’ एकत्र येतील, ते डोळ्यांनी वेगळे करता येईल.


बांधावरून (प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर)

हे पटले आणि केले. ‘खंडी’ची भीती खरीच होती, उत्सुकतेने एकदा सर्व अनुस्वार काढून पाहिले तर खडीच्या निकालांत ज्वारी आणि गहू येऊन बसले.

आता तीन गोष्टी उरल्या आहेत. जुन्या फॉन्टमधले तीन महिने मी वहीवरून पुन्हा टंकणार आहे, कारण रूपांतर करून तपासण्यापेक्षा ते लवकर होईल. मार्च १९७३मध्ये एका ओळीत ‘सूकडी’ असे दुसऱ्या उकाराने लिहिलेले आहे, ते आजोबांनी तसे लिहिले की टंकताना झाले ते वही पाहून ठरवीन, तोवर यादीत दोन्ही रूपे ठेवली आहेत. आणि डीटीपीवाल्याने ‘ठेवून’चे सर्वत्र ‘ठेऊन’ केले आहे असे ऊ मोजताना लक्षात आले, पण ते या धाग्याचे काम नव्हे.